सॅम्पल फ्लॅटमधली नाळ

"राऊत, इथे काय मेलंय?"

जीवराजशेठ दारातच उभे होते. धोतराचा सोगा नाकाला लावलेला. मागे त्यांचा मुनीम, त्याच्या नाकाला रुमाल. मी दिवाणखान्याच्या मधोमध, नव्या गालिच्यावर, अनवाणी. गालिच्यावर चप्पल घालून यायला मीच सगळ्यांना बंदी केली होती.

मी दोनदा खोल श्वास घेतला. पॉलिशचा वास आला. नव्या सागाचा आला. बाकी काही आलं नाही.

"पॉलिश आहे शेठ. दोन दिवसांत उडेल."

"पॉलिश? माझा जन्म काय काल झाला? पॉलिश असं गंधातं? इथे मच्छी आहे, मच्छी!"

मी सुताराकडे पाहिलं. त्याने हेल्परकडे पाहिलं. तिघांनीही पुन्हा हुंगून बघितलं आणि तिघांनीही मान हलवली. वास नव्हता. शपथेवर सांगतो, आम्हाला नव्हता.

हे सगळं ज्या इमारतीत घडलं, तिची गोष्ट आधी सांगतो. तारापूरला वीजकेंद्राचं काम सुरू झालं आणि बोईसरच्या आसपासच्या जमिनीला एकदम भाव आला. मोठमोठे साहेब येणार, त्यांना राहायला जागा लागणार, हे मुंबईच्या जीवराजशेठनी सगळ्यांच्या आधी हेरलं. नवापूरच्या वाटेवर, समुद्र दिसेल अशा जागी, त्यांनी चार मजली इमारत उठवली. सोळा फ्लॅट. लक्झरी. त्या भागातली पहिली लिफ्ट. आदिवासी पाड्यांवरची, सरावलीची, दांडीची माणसं लिफ्ट बघायला यायची. ती नुसतीच बघायची, कारण लिफ्टला वीज नव्हती. शेजारीच अख्ख्या देशाला पुरेल एवढी वीज तयार होणार होती, पण आमच्या इमारतीची जोडणी अजून कागदावर होती.

मी त्या इमारतीचा फर्निचर कॉन्ट्रॅक्टर. मिस्त्री नाही, सुतार नाही, कॉन्ट्रॅक्टर. हे इथेच स्पष्ट करतो, कारण पुढे या शब्दावरूनच माझं डोकं फिरलं आहे. एडवणहून पालघरला आलो तेव्हा माझ्याकडे एक करवत होती आणि तीही मामाची. लाकडाच्या वखारीत ओंडके उचलले, शाळांची बाकं केली, कचेरीची कपाटं केली, आणि पालघर स्टेशनच्या पूर्वेला स्वतःची कार्यशाळा टाकली. कोणाच्या बापाचा एक खिळा फुकट घेतला नाही. सोळा फ्लॅटचं लाकूडकाम हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. त्यासाठी मी शाळांच्या बाकांची कामं सोडली होती, दोन कारागीर मुंबईहून आणून ठेवले होते आणि वखारभर साग घेऊन बसलो होतो.

पण शेठनी एक अट घातली होती. आधी एकच फ्लॅट सजवायचा. याला आमच्या धंद्यात सॅम्पल फ्लॅट म्हणतात. गिऱ्हाईक तो बघतं आणि बाकीचे न बघता घेतं. प्रकल्पावरचे एक मोठे अधिकारी, मुखर्जीसाहेब, आपल्या लोकांसाठी सोळाही फ्लॅट एकदम भाड्याने घेणार होते. सॅम्पल आवडला तर.

"आवडला तर उरलेले पंधरा तुमचे," शेठ म्हणाले होते. "नाही आवडला तर मी इमारत आहे तशी विकून टाकणार. मग तुमचा साग तुम्ही चुलीत घाला."

मुखर्जीसाहेब रविवारी येणार होते. शेठना वास आला तो मंगळवार.

आता तो वास कुठून आला, ते सांगायचं तर लीनाबाईंकडे यावं लागतं.

लीनाबाई म्हणजे डेकोरेटर. परदेशात शिकून आलेल्या. केस कापलेले, सुती साडी, गळ्यात लाकडी मणी. शेठनी त्यांना मुंबईहून आणलं होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, "सोफा किती फुटी करायचा?" त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की जणू मी देवळात जाऊन चहाचा भाव विचारला.

"मिस्त्री, सोफा शेवटी येतो," त्या म्हणाल्या. "आधी आर्ट."

"कॉन्ट्रॅक्टर," मी म्हणालो.

"हो, तेच."

त्यांचं म्हणणं असं. खोलीत गेल्याबरोबर डोळा कुठेतरी टेकला पाहिजे. त्या जागेला फोकल पॉइंट म्हणतात. आपल्याकडे लोक आधी घर भरतात आणि मग रिकाम्या भिंतीवर कॅलेंडर लावतात. बाईंच्या मते हे उलटं आहे. आधी भिंतीवरची कलाकृती ठरवायची. तिच्यातला रंग उचलून पडदे ठरवायचे. तिची उंची बघून सोफ्याची पाठ किती उंच ते ठरवायचं. तिचं वजन, म्हणजे काट्यावरचं नाही, डोळ्यांना वाटणारं वजन बघून समोर टेबल जड करायचं की हलकं ते ठरवायचं. दिवासुद्धा तिच्यासाठी, माणसांसाठी नाही.

मला हसू आलं होतं. पण आज इतकी वर्षं घरं सजवल्यावर सांगतो, बाईंचं बरोबर होतं. याचाच मला जास्त राग आहे.

"मग चित्र आणा," मी म्हणालो. "खिळा मी मारतो."

"चित्र नको. इथलं काहीतरी हवं. या मातीतलं."

इथलं काहीतरी शोधायला आम्ही नवापूरच्या वाळूत फिरलो. मासळी वाळत घातलेली, जाळी पसरलेली, आणि एका बाजूला एक जुनी होडी पालथी पडलेली. तिची नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाणी कापत जातं ते, आभाळाकडे वळलेली होती. निळा रंग, त्याखाली कधीतरी दिलेला हिरवा, त्याखाली लाल. दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले. एकाचं बुबुळ उडालेलं.

बाई जागच्या जागी थबकल्या. "दॅट्स इट," म्हणाल्या. "हीच आपली भिंत."

मी त्यांना गाडीत बसायला लावलं. सौदा करताना गिऱ्हाइकाने "दॅट्स इट" म्हणायचं नसतं.

होडीजवळ एक म्हातारी बोंबील उलटेपालटे करत होती. सुंदरबाय तिचं नाव. पुढे तिच्या नावाने मी पुष्कळदा दातओठ खाल्ले आहेत.

"ही होडी कोणाची, बाय?"

"माजी. का? खानार?"

"जुनी झालीय. सरपणाला घालणार असाल तर पुढचा भाग मी नेतो. जागा मोकळी होईल तुमची."

"सरपन तुज्या घरी. माज्या नवऱ्यानं बांदलीय ती. सोनलक्ष्मी नाव हाय तिचं."

"म्हणजे द्यायची नाही?"

"असं कुटं म्हटलं मी?"

मी रक्कम सांगितली. तिने ऐकलीच नाही.

"पैशाची होडी होत नाय. पोराला नवी बांदायचीय. फल्या दे. सागाच्या."

"ऐनाच्या देतो. मजबूत."

"ऐन तुज्या शेटला दे."

मग मी माझा हुकमी डाव टाकला. उठलो आणि चालू लागलो. पालघरच्या वखारीत या डावाने मी भल्याभल्यांना परत बोलवायला लावलं आहे. गाडीपर्यंत आलो तरी मागून हाक आली नाही. वळून पाहिलं तर ती बोंबील उलटत होती. गाडीत लीनाबाई, "मिळाली का? मिळाली का?" परत जावं लागलं.

"आलास?" ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन पालघरला माझ्या कार्यशाळेत आली आणि एकेका फळीवर बोटाने टकटक करत निवडू लागली. जेवणाच्या टेबलांसाठी म्हणून मी ज्या फळ्या मागच्या भिंतीला लपवून ठेवल्या होत्या, नेमक्या त्या तिने काढल्या. मी ओरडलो. ती म्हणाली, "ओरडू नको रं. लाकूड तडकंल."

जाताना एक गोष्ट तिने बजावली. "नाल उतरवताना मी तिला नारल दिलाय. निरोपाचा. एकदा निरोप दिला का ती परत आमच्या वालूत आनायची नाय. लक्षात ठेव."

मी हो म्हटलं. सागाच्या फळ्या देऊन घेतलेली वस्तू मी कशाला परत आणीन?

नाळ आली आणि सगळा फ्लॅट तिच्याभोवती फिरू लागला. भिंतीला मी सागाचं पॅनेलिंग केलं, म्हणजे भिंतीला लाकडाचं अस्तर, आणि त्यात बरोबर नाळेच्या आकाराचा खळगा ठेवला. नाळेचा बाक जसा, तसा सोफ्याचा बाक. गालिचा तिच्या उडालेल्या निळ्याचा. पडदे खालच्या हिरव्याचे. लाल रंग फक्त एका उशीवर, कारण नाळेवरही तो तेवढाच दिसत होता. उरलेल्या पंधरा फ्लॅटांत कुठे वल्हं, कुठे नांगर, कुठे जाळ्याचे तरंगते बोये येणार होते आणि त्या त्या फ्लॅटचं फर्निचर त्यांच्यावरून ठरणार होतं. सोळा घरांचा नकाशा एका मोडक्या होडीने काढला, असं म्हटलं तरी चालेल.

"तिला हात लावायचा नाही," बाईंनी सांगितलं होतं. "घासायची नाही, धुवायची नाही. जुनेपणाची जी झाक असते, तीच खरी किंमत. तिला पॅटिना म्हणतात."

लिफ्ट बंद. जिन्याच्या वळणावर नाळ बसेना. म्हणून तिसऱ्या मजल्यावर ती बाहेरून दोरखंडाने चढवली आणि मोठ्या खिडकीतून आत घेतली. ती आत गेल्यावर मग खिडकीत अख्खी काच बसवली. मुंबईहून आणलेली, एकसंध, न उघडणारी. तिला पिक्चर विंडो म्हणतात. समुद्र चित्रासारखा दिसावा म्हणून. वारा एअरकंडिशनर देणार होता. त्यालाही वीज लागते, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता तुम्हाला कळलं असेल. कोळी, मांगेले होडीच्या लाकडाला दरवर्षी मुशीचं तेल पाजतात. मुशी म्हणजे छोटा शार्क. त्याच्या काळजाचं तेल. त्याने लाकूड पाण्यात कुजत नाही. सोनलक्ष्मीने असं तेल किती पावसाळे प्यायलं होतं, ते तिलाच ठाऊक. आणि आम्ही तिला काचबंद खोलीत, उन्हाच्या समोर, चैत्र-वैशाखात आणून बसवली.

मग आम्हाला वास का आला नाही? माझा जन्म एडवणचा. घरात शिंक्यावर सुके बोंबील. सुतार केळव्याचा, हेल्पर सातपाटीचा. आमच्यापुरता तो वासच नव्हता, हवा होती. लीनाबाईंचं नाक तरी परदेशी असेल म्हणावं, तर त्यांचं घराणं सारस्वत. त्या दर फेरीला माझ्याकडून सुके सोडे बांधून नेत. एवढ्या मोठ्या कामावर वास ओळखू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो कांदासुद्धा खात नव्हता.

शेठ बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. तिथून बोलू लागले.

"हे काढा."

"शेठ, काढलं तर खोलीत काय उरतं? सगळं त्याच्यावरून केलंय."

"मग धुवा."

धुतलं. सोड्याच्या पाण्याने एक कोपरा धुतला. निळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि वास मात्र जागा झाला. लीनाबाई धावत आल्या. "माझी पॅटिना!" त्यांचं एखादं मूल विहिरीत पडावं तशा ओरडल्या.

मग मी वरून लाखेचं पॉलिश चढवलं. भोकं बुजली की वास आत राहील, असा हिशेब. दुपारपर्यंत राहिला. दुपारी ऊन काचेवर आलं, लाकूड तापलं, पॉलिशला घाम फुटल्यासारखे थेंब आले. त्या घामाचा वास मलासुद्धा आला. मला आला म्हणजे बघा.

शेठनी उदबत्त्यांचा गठ्ठा पाठवला. लावल्या. सुतार म्हणाला, "राऊतशेठ, देवळात मासळीबाजार भरल्यागत वाटतंय." मी त्याला शिवी दिली, पण त्याचं खरं होतं.

गुरुवारी शेठचा निरोप आला. शनिवारपर्यंत वास गेला नाही तर मुखर्जीसाहेबांना येऊ नका म्हणून कळवणार. माझ्यासमोर साग दिसू लागला. वखारभर, उभा, आडवा. विकायला काढला तर लाकडाचे व्यापारी माझ्याशी काय करतील हे मला चांगलं माहीत होतं. मी त्यांच्याशी तेच केलं होतं.

मी ठरवलं, नाळ काढायची. गेली पॅटिना खड्ड्यात. पण काढून न्यायची कुठून? लिफ्ट बंद, जिना अरुंद. ज्या खिडकीतून आणली तिच्यात काच. ती काच न उघडणारी आहे याचा बाईंना अभिमान होता.

"करवतीने कापतो तिला," मी म्हणालो.

"मग आधी मला कापा," लीनाबाई म्हणाल्या आणि नाळेपुढे उभ्या राहिल्या. मी कोणाला कापलं नाही. मी हातोडा घेतला आणि काच फोडली.

खरं सांगतो, रागाच्या भरात फोडली. पण काच पडली आणि समुद्राचा वारा जो आत शिरला, त्याने पडदे छताला लागले. पंधरा मिनिटांत खोली पहिल्यांदा श्वास घेऊ लागली. काच फुटल्याबरोबर रडू लागलेल्या बाई थांबल्या. पडद्याकडे बघत राहिल्या.

"मूव्हमेंट," त्या हळूच म्हणाल्या. "स्पेसला मूव्हमेंट आली."

मी हातोडा खाली ठेवला. नाहीतर काहीतरी झालं असतं.

तरी मी नवापूरला गेलो. नाळ परत घे, फळ्या राहू दे तुझ्याकडे, असं सांगायला. आयुष्यात मी पहिल्यांदाच फुकट काही द्यायला निघालो होतो.

सुंदरबायच्या अंगणात माझ्या जेवणाच्या टेबलांची होडी होत होती. अर्धी झालीसुद्धा होती.

"परत?" ती म्हणाली. "निरोपाचा नारल दिलाय म्हटलं ना मी. गेलेली लेक आनि गेलेली नाल, परत नाय घेत."

"अगं पण ती वास मारते!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पोराला हाक मारली. "ऐकलास? होडीला मासलीचा वास येतो म्हनं. उद्या येऊन सांगल, समुद्र खारट हाय."

पोर हसलं. वाळूतल्या सगळ्या बाया हसल्या. मी परत आलो.

शुक्रवार-शनिवार आम्ही त्या खिडकीला सागाच्या उघडझाप करणाऱ्या झडपा बसवल्या. एकसंध काचेऐवजी सहा झडपा. वारा हवा तसा घ्या. नाळ तिथेच ठेवली, कारण जायला तिला जागा नव्हती. आता नाळेचा वास जवळजवळ गेला होता, आणि शेठना मी तसा निरोपही धाडला. पण झडपा उघड्या, वारा समुद्राकडून, आणि समुद्राच्या आणि आमच्या मध्ये सुंदरबायच्या वाळवणातले बोंबील. नाळेचा वास बाहेर गेला आणि अख्ख्या नवापूरचा आत आला. काचेने दोन महिने जो वास अडवला होता, तो मी हातोड्याने मोकळा केला होता.

रविवारी शेठ आले. अंगावर अत्तर. त्यांनी सगळ्या झडपा लावायला लावल्या. लावल्या की नाळ जागी व्हायची. उघडल्या की बोंबील. शेठ उघडा म्हणत, लावा म्हणत, परत उघडा म्हणत. इतक्यात जिन्यात पावलं वाजली.

मुखर्जीसाहेब उंच, चष्मेवाले, अबोल. बरोबर बायको. लाल काठाची साडी, कपाळावर मोठं कुंकू. साहेबांनी नाळेकडे बघितलं, मान हलवली, पॅनेलिंगवरून हात फिरवला. लीनाबाई इंग्रजीत समजावू लागल्या. बाईसाहेब मात्र दिवाणखान्याच्या मधोमध थांबल्या. नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

शेठनी डोळे मिटून घेतले.

"माछ?" बाईसाहेब म्हणाल्या.

मग त्या शेठकडे वळल्या. "यहाँ मछली मिलती है? ताज़ी?"

"नहीं नहीं!" शेठ हात जोडून म्हणाले. "बिलकुल नहीं! एकदम शाकाहारी इलाका है. मेरा वचन है आपको."

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. साहेबांचाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं ते मी बघितलं. गिऱ्हाईक उठून चाललंय की परत येणार आहे, हे मला पाठीवरून कळतं. हे उठून चाललं होतं.

"मिलती है," मी म्हणालो.

शेठनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

"रोज मिलती है, मेमसाब. पापलेट, घोळ, बोंबील, कोळंबी. सामने देखिए." मी सहाच्या सहा झडपा ढकलल्या. वारा आला. त्याच्याबरोबर सगळं नवापूर आलं. "दरवाज़े पर आएगी. बोलिए तो एक औरत को आज ही बोल देता हूँ."

बाईसाहेब खिडकीशी गेल्या आणि खूप वेळ उभ्या राहिल्या. मग साहेबांशी बंगालीत काहीतरी बोलल्या. आवाज असा, की जणू माहेरचं पत्र मिळालं. साहेब शेठकडे वळले. इथे आल्यापासून त्यांना बटाट्यावर ठेवलं होतं, असं ते म्हणाले. सोळाही फ्लॅट घेतो. फक्त प्रत्येक स्वयंपाकघरामागे मासळी धुवायला एक वेगळी मोरी हवी.

"मोरी," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "देऊ."

उरलेले पंधरा फ्लॅट मला मिळाले. पंधराही खिडक्यांना झडपा केल्या, एकही काच बंद नाही. वल्ही लागली, नांगर लागले, त्यांच्यावरून सोफे ठरले. सगळ्यांना मुशीचा वास, आणि कोणाचीही तक्रार नाही. शेठ त्यानंतर भाडं घ्यायला मुनिमालाच पाठवत. मेमसाबना शब्द दिल्याप्रमाणे सुंदरबायला मी फाटकाशी बसायची जागा मिळवून दिली. माझ्या सागाच्या होडीतली मासळी ती माझ्या सागाच्या टेबलांवर पोचवू लागली.

इथवर ठीक होतं. मग मुंबईचं एक इंग्रजी मासिक आलं. लीनाबाईंनीच पाठवलं, प्रेमाने. त्यात आमच्या फ्लॅटचे पानभर फोटो. बाईंची मुलाखत. वाचून घेतली. त्यात लिहिलं होतं की बंद काच मोडून समुद्राचा गंध घरात आणायचा, ही बाईंची मूळ कल्पना. किनाऱ्यावर सापडलेली एक जुनी नाळ त्यांना प्रेरणा देऊन गेली. आणि हे सगळं त्यांनी एका स्थानिक सुताराच्या मदतीने केलं.

स्थानिक सुतार.

काच मी फोडली. मेमसाबना उत्तर मी दिलं. सोळा घरं मी उभी केली. मुंबईला जाऊन त्या मासिकवाल्याच्या टेबलावर हातोडा आपटावा, असं मनात आलं. गाडीचं तिकीटही काढलं होतं. पण आधी कोणाला तरी सांगावं म्हणून फाटकाशी गेलो आणि मासिक सुंदरबायसमोर धरलं.

तिने पापलेटावरचा हात पदराला पुसला. फोटो निरखून बघितला. "ही माजी सोनलक्ष्मी. चांगली दिसतेय. काय लिवलंय?"

मी ऐकलेलं सगळं तिला सांगितलं. "बघ! मला सुतार म्हटलंय! नाव नाही, गाव नाही!"

"आनि होडीचं नाव?"

"नाही."

"माज्या नवऱ्याचं?"

"नाही गं."

"मग ती कुटून आली म्हनलंय?"

"किनाऱ्यावर सापडली म्हटलंय."

"सापडली?" तिने कोयता खाली ठेवला. "पडली व्हती काय? फल्या मोजून घेतल्या मी तुज्याकडून!" मग तिने पापलेट पुन्हा पुढे ओढलं. म्हणाली, "तुला निदान मानूस तरी म्हटलाय त्यांनी. होडी दर्यानं दिली म्हनजे मला तर दर्याच करून टाकली. उगी रडू नको."

मी तिकीट परत केलं. तेव्हापासून धंद्याचा एक नियम पाळतो. भिंतीवर काय लावायचं हे ठरवण्याआधी त्या घरात कोणाचं नाक राहणार आहे ते विचारून घ्यायचं. आणि फोटोवाला येणार असेल त्या दिवशी, नाळ असो की वल्हं, त्यावर होडीचं नाव ठळक रंगवून ठेवायचं, खाली आपलंही.

दुसऱ्या दिवशी सुंदरबायने पापलेटाचा भाव वाढवला. माझ्यासाठीसुद्धा. मी घासाघीस केली नाही. उठून चालू लागून काही उपयोग नसतो, हे मला माहीत होतं.